मोठ्या झाडांखाली फुलझाडं लावताना आधी वर बघा

मोठ्या झाडांच्या सावलीत एखादं फुलणारं झाड लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "सावलीत काय येतं?" मी आधी दुसरंच विचारते. वर कोणतं झाड उभं आहे? त्याची पानं कधी गळतात? त्याची मुळं कुठवर पसरली आहेत? एवढं कळलं की खाली काय लावायचं ते बरंचसं ठरूनच जातं. हे न बघता आणलेलं रोप पहिला पाऊस छान काढतं, पुढच्या उन्हाळ्यात मान टाकतं, आणि दोष मात्र सावलीला जातो.

झाडीतल्या बागेत छोट्या झाडांना सावलीपेक्षा तहान जास्त मारते. वरचा पर्णसंभार पावसाचं बरंच पाणी वरच्यावर अडवतो, आणि जे खाली पोचतं त्यावर मोठ्या झाडाच्या मुळांचा पहिला हक्क असतो. मोठ्या झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं खोल नसतात. बहुतेक सगळी वरच्या फूट-दोन फूट मातीत असतात, आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर गेलेली असतात. म्हणजे आपण ज्या मातीत रोप लावतो ती आधीच कुणाच्या तरी ताब्यात असते. सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

पानगळीचं वेळापत्रक

माझ्या बागेत आंबा, जांभूळ, शिरीष आणि साग अशी वरची झाडं आहेत. त्यांच्या सावलीचे स्वभाव अगदी वेगळे. आंबा आणि जांभूळ वर्षभर हिरवे, त्यांची सावली बाराही महिने दाट. शिरीषाची पानं बारीक, त्यातून जमिनीवर कवडसे पडत राहतात. असा हलता उजेड फुलझाडांना फार मानवतो. पण हाच शिरीष हिवाळ्याच्या शेवटी उघडा पडतो. साग तर त्याहून कडक, ऐन उन्हाळ्यात तो जवळजवळ निष्पर्ण उभा असतो.

उष्ण हवेतल्या बागेचा खरा पेच इथे आहे. पानझडी झाडाखालची जागा पावसाळ्यात गार, ओलसर, सावलीची असते, आणि सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत तीच उघडी पडते. पावसाळ्यात जागा बघून "इथे सावली आहे" असं ठरवलं तर एप्रिलमध्ये तिथलं रोप करपणारच. म्हणून जागा दोनदा बघायची, एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा भर उन्हाळ्यात.

थंड प्रदेशात याच्या उलट होतं. तिथे ओक-मेपलची पानं हिवाळ्यात गळतात आणि वसंतात उशिरा येतात. वरची पालवी फुटण्याआधी वसंतात जे ऊन जमिनीपर्यंत येतं, त्यात खालची छोटी झाडं फुलून घेतात. रेडबड आणि स्टार मॅग्नोलियाचा बहर पानांच्या आधी येतो, त्याचा फायदा हाच. वरच्या झाडाचं वेळापत्रक पाठ असल्यासारखं खालचं झाड वागतं.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. जागेवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर वीतभरापेक्षा थोडा जास्त हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर ऊन. हाताचा आकार कळतोय पण कड पुसट आहे, तर अर्धसावली. आकारच उमटत नसेल तर दाट सावली. सकाळी, दुपारी आणि चार वाजता असं तीनदा करा. सकाळचं तीन-चार तास ऊन किंवा दिवसभर कवडसे मिळत असतील तर ती जागा उत्तम. नुसतं दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन मिळणारी जागा मी टाळते. त्या उन्हाने पानांच्या कडा जळतात आणि फूल लवकर सुकतं.

दाट सावलीत फुलझाड लावायचं नाहीच. ते जगेल, पानं काढेल, पण फुलणार नाही. तिथे नेचे लावा.

वर थोडं उघडून घेणं

उजेड कमी असेल तर झाड पाडायची गरज नसते. मोठ्या झाडाच्या अगदी खालच्या एक-दोन फांद्या काढल्या की सकाळचं तिरपं ऊन आत शिरतं. माथ्यावर भगदाड पाडून येणाऱ्या भर दुपारच्या उन्हापेक्षा हे तिरपं ऊन कितीतरी कामाचं. एका वर्षात झाडाचा पाव हिस्सा पालासुद्धा काढायचा नाही, त्याहून कमीच ठेवायचं. जड फांदी तोडताना आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, आणि फांदी पडली की उरलेला खुंट शेवटी. असं केलं नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कडं शाबूत राहिलं की झाड जखम स्वतः भरून काढतं, वर रंग किंवा डांबर फासायची काहीच गरज नाही. उंचावरचं काम असेल तर जाणकार माणूस बोलवा, त्यात काटकसर नको.

कोणाखाली कोण

वर सदाहरित झाड असेल तर त्याच्या पूर्वेच्या कडेला सीता अशोक, कुंती किंवा अंजनी. वर पानझडी झाड असेल तर खाली मुळातच पानझडी रानातली झाडं बरी: कुडा, पारिजातक, कांचन, मुरुडशेंग. ती उन्हाळ्यात स्वतःच पानं टाकतात किंवा ऊन सोसतात.

वड, पिंपळ, उंबर यांच्याखाली मी काही लावत नाही. त्यांची मुळं उथळ आणि फार जोरकस असतात. बांबू आणि निलगिरीच्या शेजारीही तेच. थंड हवेत काळ्या अक्रोडापासून दूर राहावं, त्याच्या मुळांतून आणि पाचोळ्यातून जुग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत उतरतं आणि अनेक झाडांना ते बाधतं. मेपल आणि बीचच्या मुळांचं जाळंही दाट असतं. ओकखाली लावणं त्यामानाने सोपं.

तामण आणि बहावा मला अतिशय आवडतात, पण त्यांना उघडं ऊन लागतं. सावलीत ते उंच, किरकोळ होतात आणि फुलं जेमतेम देतात. त्यांना झाडीच्या बाहेर, मोकळ्यावर जागा द्या.

सीता अशोकाबद्दल मात्र सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण झाडीतल्या बागेसाठी याच्या तोडीचं दुसरं झाड मला माहीत नाही. तो मुळात ओलसर, सदाहरित जंगलांत मोठ्या झाडांच्या खाली वाढणारा. सहा ते नऊ मीटरपर्यंत जातो, सावकाश. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास जुन्या फांद्यांवर, थेट खोडावरही, फुलांचे गच्च गुच्छ येतात. एक फूल जवळून बघा. त्याला पाकळ्या नसतातच. ज्या चार पसरलेल्या पाकळ्या वाटतात ती निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं आहेत, आणि त्यांच्यातून लांब पुंकेसर मिशांसारखे बाहेर आलेले असतात. फूल उमलतं तेव्हा पिवळसर, मग नारिंगी, मग लाल, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात.

या झाडाचे दोन स्वभाव माहीत हवेत. पहिला, नवी पालवी तांबूस-गुलाबी रंगाची, मलूल, खाली लोंबणारी असते. ती सुकलेली नाही, तशीच असते, आठवड्या-दोन आठवड्यांत पानं हिरवी होऊन ताठ होतात. तहान लागली समजून त्या दिवसांत पाण्याचा मारा केला की मुळं कुजतात. पाणी द्यायच्या आधी पाचोळा बाजूला करून बोट मातीत खुपसा, ओल लागली तर झारी परत ठेवा. दुसरा, फुलं जुन्या लाकडावर येत असल्यामुळे खालच्या फांद्या साफ करून बुंधा "नीटनेटका" करायचा मोह टाळा. बहर तिथेच येणार असतो. रोप घेतानाही नीट पाहा, कारण उंच सरळसोट वाढणारा, लांब नागमोडी कडांच्या पानांचा हिरवा अशोक हे पूर्णपणे वेगळं झाड आहे. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या.

बी मिळालं तर अशोक बियांपासूनच करा. चपट्या शेंगा तडकू लागल्या की बी ताजंच रुजवायचं, ते साठवून टिकत नाही. रात्रभर पाण्यात भिजवून, पिशवीत आडवं ठेवून वर बोटाच्या पेरभर माती. बी रुजलं की सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून पिशवी उंच घ्या आणि रोप फार मोठं होण्याआधी जागेवर लावा.

पांढरा कुडा याच्या उलट स्वभावाचा, चिवट. मुरमाड जमीन चालते, अर्धं ऊन चालतं, तोडला तरी बुंध्यातून फुटतो, मुळांतूनही कोंब काढतो. नको असलेले कोंब वेळीच काढले तर सुबक छोटं झाड होतं. उन्हाळ्याच्या मध्यापासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत पांढऱ्या, सुगंधी फुलांचे झुबके येतात, मग जोडीजोडीने लांब बारीक शेंगा लोंबतात. त्या उकलल्या की केसाळ बिया वाऱ्यावर जातात आणि बागेत कुठेही रोपं उगवतात. ती ओळखायला शिका आणि जिथे हवीत तिथेच ठेवा.

पारिजातक झाडीच्या आत नको, कडेला हवा, सकाळचं ऊन मिळेल असा. पाणी साचणाऱ्या जागेत तो टिकत नाही. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि पहाटेपर्यंत गळतात, म्हणजे फुलं बघायची ती जमिनीवर. तेव्हा तो वाटेच्या कडेला लावा आणि त्याच्याखालचा पाचोळा बहराच्या दिवसांत थोडा विरळ करा, केशरी देठ पाचोळ्यात हरवतात.

कुंती अर्धसावलीत आनंदाने राहते. जरा ताण बसून मग पाऊस किंवा भरपूर पाणी मिळालं की एकदम फुलते आणि रात्री सगळी बाग घमघमते. ती लिंबाच्या कुळातली, त्यामुळे लिंबावरच्या फुलपाखरांच्या अळ्या तिची पानं खातात. मी त्यांना खाऊ देते. झाड मोठं असलं की काही बिघडत नाही.

अंजनी अतिशय हळू वाढते, पण फांद्यांना चिकटून येणारे तिचे निळे-जांभळे झुबके एकदा पाहिलेला माणूस तक्रार करत नाही. ती वाटेच्या जवळ लावा. सावलीत गडद रंग दुरून दिसत नाहीत, निळा आणि गडद लाल तर विरूनच जातात. पांढरी, फिकी पिवळी, फिकी गुलाबी फुलं मात्र दुरूनही उजळ दिसतात. म्हणून कुडा आणि पांढरा कांचन मागे, अंजनी आणि मुरुडशेंग पुढे. मुरुडशेंगेच्या विटकरी-लाल फुलांवर येणारे शिंजीर पक्षी जवळून बघायला मिळतात, हा आणखी एक लाभ.

थंड हवेत बाग असणाऱ्यांसाठी

परदेशात, बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी वरची नावं सोडून द्यावीत, बाकी सगळं लागू आहे. तिथे फुलणाऱ्या डॉगवुडला ओलसर पण निचऱ्याची, आम्लधर्मी माती आणि सकाळचं ऊन हवं. त्याच्या चार "पाकळ्या" खरं तर सहपत्रं, म्हणजे फुलांखालची पानं असतात, खरी फुलं मधल्या हिरवट घुंडीत असतात. कोंदट, दमट सावलीत त्याला अँथ्रॅक्नोज नावाचा बुरशीजन्य रोग लागतो, म्हणून हवा खेळती ठेवा. कौसा डॉगवुड त्या रोगाला सहसा दाद देत नाही आणि साधारण महिनाभर उशिरा फुलतो. रेडबड अशोकासारखाच शेंगांच्या कुळातला आणि त्याच्यासारखाच खोडावर फुलणारा. तो लहानपणीच कायमच्या जागी लावा, मोठा झाल्यावर हलवलेला सोसत नाही. स्टार मॅग्नोलियाची मुळं मांसल आणि नाजूक, त्यांच्याभोवती नंतर खणू नये. उशिराचं हिमतुषार त्याच्या कळ्या काळ्या करतं, तेव्हा सखल, थंड हवा साचणाऱ्या जागा टाळा. सिल्व्हरबेल आणि जपानी स्नोबेलची फुलं घंटेसारखी खाली लोंबतात. ती उतारावर, वाटेच्या वरच्या अंगाला लावली तर खालून चालताना नीट दिसतात.

खड्डा

आता खणायचं. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून निदान दोन-तीन मीटर दूर जा. पहार-टिकाव बाजूला ठेवा आणि खुरप्याने हळूहळू चाचपत चला. अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, हातभर सरका आणि दुसरीकडे बघा. मुळांच्या मधला मोकळा कप्पा सापडतोच, थोडा धीर हवा. बारीक मुळं तुटली तर चालतात, ती पुन्हा येतात.

फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर ती जागा सोडा.

खड्डा रोपाच्या मातीच्या गोळ्याइतकाच खोल आणि दुप्पट-तिप्पट रुंद. त्यात शेणखत-गांडूळखताची घमेली ओतायची पद्धत मोकळ्या रानात ठीक असेल, मोठ्या झाडाखाली मी ती मुळीच पाळत नाही. भुसभुशीत, सकस, ओला खड्डा म्हणजे मोठ्या झाडाच्या मुळांना आमंत्रण. वर्षभरात ती आत शिरतात आणि रोपाचा घास तीच खातात. निघालेली माती तशीच परत भरा. खत द्यायचं ते वरून, पाचोळ्यातून.

रोप छोटं घ्या, गुडघ्या-मांडीपर्यंतचं. पुरुषभर उंचीचं रोप बघायला छान, पण त्याची मुळं पानांच्या मानाने तोकडी असतात आणि झाडीत त्याला रुळायला फार वेळ लागतो. लहान रोप दोन-तीन वर्षांत त्याला गाठतं. पिशवी कापल्यावर मुळं गोल फिरलेली दिसली तर ती सोडवा, न सुटणारी कापा. अशोकाच्या बाबतीत मात्र गोळा शक्यतो फोडू नका. खोड जिथे रुंदावून मुळांना मिळतं ती जागा जमिनीच्या पातळीला दिसली पाहिजे, पुरली जाता कामा नये. लावायची वेळ पाऊस नीट बसल्यावरची.

मग पाचोळा. चार बोटं ते वीतभर जाडीचा थर, जमिनीवर जे पडतं त्याचाच, पण बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी. पाचोळा खोडाला टेकला की साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. सागाची मोठी पानं अखंड टाकू नका, ती एकमेकांवर बसून पाणी अडवतात, आधी चुरा. मोठ्या झाडाच्या मुळांवर मातीची भर मात्र कधीही घालू नका. बाग सपाट दिसावी म्हणून केलेल्या भरावाने जुनी झाडं गुदमरून मरतात.

पहिले उन्हाळे

पावसाळा संपला की खरी देखभाल सुरू होते. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा सावकाश, खोल पाणी द्या. मी बुडाशी बारीक छिद्र पाडलेली घागर रोपाशेजारी ठेवते, पाणी तासाभरात हळूहळू झिरपतं. असे दोन, शक्यतो तीन उन्हाळे काढायचे. पहिल्या उन्हाळ्यात पानझडी झाडाखाली लावलेल्या रोपाला पश्चिमेकडून गवताची किंवा झावळ्यांची ताटी उभी करा.

रोप उजेडाकडे झुकतं. काठीला बांधून ते सरळ होत नाही, बांधणं काढलं की पुन्हा झुकतं. मागच्या बाजूने उजेड येईल अशी वरची एखादी डहाळी काढा, किंवा झुकाव राहू द्या. झाडीतलं झाड थोडं वाकडं असलं तर मला ते आवडतंही.

छाटणीचा नियम फुलांवरून ठरतो. नव्या फुटव्यावर फुलणाऱ्या पारिजातकाची छाटणी फळं वाळल्यावर, हिवाळ्याच्या शेवटी. आधीच्या हंगामाच्या फांदीवर फुलणारे कांचन, डॉगवुड, मॅग्नोलिया यांची बहर ओसरल्यावर लगेच, उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. अशोक आणि अंजनीची वाळकी फांदी सोडून काही कापू नका.

झाड हिरवंगार आहे पण फुलत नाही, अशा वेळी खत वाढवायचं नाही, कमी करायचं. नत्र जास्त झालं की पानंच येतात. मग उजेड तपासायचा. लावलं तेव्हा होता तेवढा उजेड आता असेलच असं नाही, वरची झाडंही वाढत असतात.

आणि कधी वादळात वरचं मोठं झाडच कोसळतं. तेव्हा अर्धसावलीत वाढलेली अशोक-कुंती एका दिवसात उघड्या उन्हात येतात. त्याच आठवड्यात त्यांच्यावर हिरवी जाळी ताणा, पाचोळा दुप्पट करा, पाणी वाढवा, आणि जाळी पुढच्या पावसापर्यंत राहू द्या. करपलेली पानं लगेच तोडू नका, खालच्या सालीला तीच सावली देत असतात. नवी पालवी जाड, लहान पानांची आली की झाडाने ऊन पचवलं. मग जाळी एकदम न काढता आधी सकाळपुरती बाजूला करा, आठवडाभराने पूर्ण काढा, आणि पडलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसाळ्यात नवं मोठं होणारं झाड लावून टाका.